गाठीतला चिंचोका

उस्मानभाई गेल्याचा फोन आला तवा मी नांदेडला पत्र्याच्या कारखान्यात उभा व्हतो, अन् खिशात त्यांनीच बांधलेली फडक्याची गाठ व्हती. त्यांच्या पोरानं सांगितलं, मी हाव हाव म्हनलं, अन् वरून म्हनलं, "भाईला सांग, पत्रा सांजच्याला निघतोय." ...असा मी शहाना. आता महिना झाला. मला लिहिता येत न्हाई, म्हनून मी बोलून ऱ्हायलो अन् माझी लेक लिहून ऱ्हायली.

भाईचं लातूरला जाळीचं काम. भोकं पाडलेला पत्रा, बिल्डिंगीच्या गॅलऱ्यांना अन् खिडक्यांना लावायचा. भाई माप ठरवायचे, मी नांदेडहून भोकं पाडून आनायचो अन् बसवायचो. कागद दिला तर मला उलटा का सुलटा ते बी कळायचं न्हाई. म्हनून भाई फडक्यात दाने बांधून द्यायचे. हरभरा असला तर भोक हरभऱ्याएवढं, तूर असली तर तुरीएवढं. दोन भोकांमधी अंतर ज्वारीच्या दान्याएवढं. अन् दरवेळी एक चिंचोका... म्हंजी जाळीचा एक पल्ला आतून उघडला पायजे. बाकी दाने बदलायचे, चिंचोका कधी चुकला न्हाई.

लातूरला क्लासचं पीक जोरात आलं तवाची गोष्ट. एका होस्टेलच्या चार मजल्यांची जाळी व्हती. गाठ घेऊन मी एसटीत चढलो, तर स्टँडवरच होस्टेलच्या मालकानं गाठलं. म्हनला, पल्ला नको, पक्की जाळी कर, पोरं पळून जात्यात. मला काय, बिजागरीचं काम वाचलं. अहमदपूरपर्यंत पोटात कावळे ओरडाय लागले. गाठ सोडली. भाईला फुटाने खायची सवय, मापाला बी फुटानाच बांधलेला. खाल्ला. ज्वारी त्याच्या मागं गेली. चिंचोका चावंना, म्हनून खिडकीतून फेकला. कारखान्यात इचारलं, भोक केवढं? मी तोंडातली चव आठवून सांगितलं, वाटान्याएवढं.

चारी मजले बसवून झाले अन् भाई आले. जाळीत करंगळी घातली, आरपार गेली. माझ्याकडं बघून म्हनले, "गणपतराव, आर्डर खाल्ली का?" मी दात काढले. मग ते आत गेले अन् जाळी आतून ढकलून बघाय लागले. एक खोली, दुसरी खोली, तिसरी... एक बी उघडंना. माझे दात मिटले.

खाली पायरीवर बसले, अन् इतक्या सालात पहिल्यांदा सांगितलं. त्यांची बहीन औशाकडच्या गावात दिलेली. भूकंपात घर मागून बसलं, ती पुढच्या खिडकीपर्यंत आली. खिडकीला पक्के गज.

"तिचा हात माझ्या हातात व्हता, गणपत. हात तेवढा भाईर... गज मीच बसवले व्हते."

 मी उठलो अन् चारी मजल्यांच्या खिडक्या मोजून आलो.

दुसऱ्या दिवसापासून आमी एकेक पल्ला कापून बिजागऱ्या लावल्या. मालक वरडून ऱ्हायला, भाई त्याला चहा पाजून ऱ्हायले. तवापासून गाठीत मापाचा दाना कच्चा यायचा, अन् सोबत मूठभर फुटान्याची पुडी. "हे खा, ते ठेव," एवढंच म्हनायचे.

फोन ठेवला त्या दिवशी मी गाठ सोडली. कच्ची तूर, ज्वारी, चिंचोका. तसाच पत्रा केला, लातूरला शाळेवर नेऊन बसवला. मग आत गेलो, भाईसारखं हातानं ढकललं. पल्ला उघडला. खाली शाळेच्या पायरीकडं बघितलं... कोनी नव्हतं.

त्या गाठीसंगं आलेली फुटान्याची पुडी अजून शर्टाच्या खिशात हाय. लेक म्हनती, बाबा, मऊ पडले असतील, टाका. एसटीत बसलो की अहमदपूरच्या आधीच हात खिशात जातो. पुडी चाचपतो. भूक तर लई लागलेली असती... पन सोडत न्हाई.