खाली बांधलेली दोरी

दुपारी भाच्याचा, महेशचा फोन आला. "मावशी, आईला..." एवढंच तो बोलला आणि मी फुलंब्रीहून ओरडले, "खांदा निसटला का रे पुन्हा?" तो म्हणाला, "नाय गं मावशी... आई गेली." हृदय बंद पडलं होतं. आम्ही मात्र इतकी वर्षं तिच्या खांद्यालाच भीत बसलो होतो.

अक्का माझी थोरली बहीण. बऱ्याच वर्षांपूर्वी शहागंजामागच्या तिच्या घरी मी राहायला गेले होते, तेव्हा ती न्हाणीत घसरली आणि हातावरच पडली. खांद्याची गोलाई गेलेली, कोपर दुसऱ्या हातानं घट्ट धरलेलं. शेजारचे रशीदचाचा धावत आले. "एक झटका देतो भाभी, बसून जाईल." माझे भाऊजी एरवी गरीब गाय, पण असे कडाडले, "हात लावू नका कुणी!" दवाखान्यात डॉक्टरांनी मनगटाची नाडी पाहिली, दंडाच्या बाहेरच्या बाजूला कापूस फिरवला. "कळतंय का?" "नाय..." अक्का म्हणाली आणि भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. फोटोत हाड मोडलेलं नव्हतं. गुंगीचं इंजेक्शन देऊन सांधा बसवला, पुन्हा फोटो काढला, हात झोळीत अडकवला. शीर ताणली गेलीय, हळूहळू संवेदना येईल, असं डॉक्टर म्हणाले. हळूहळू म्हणजे कधी, आणि आलीच नाही तर? हे विचारायची आमची छाती झाली नाही. भाऊजी रोज देवघरातली कापसाची वात तिच्या दंडावर फिरवायचे. "कळतंय का गं?" एका सकाळी ती खेकसली, "गुदगुल्या व्हायल्यात, पुरे की आता!" भाऊजी तिथंच बसून रडले.

पुढं चादर वाळत घालताना खांदा परत निसटला. तो बसवून घरी आल्या आल्या भाऊजींनी अंगणातली दोरी छातीइतकी खाली बांधली. सगळं घर वाकून ये-जा करू लागलं. मी कितीदा तरी तिच्यात अडकले आणि भाऊजींच्या नावानं बोटं मोडली. एवढं करूनही अक्काचा हात जरा वर गेला की आतून भाऊजींची हाक यायचीच, "अगं, हात वर नको!" ती चिडायची, "त्यानं जीव नाय जायचा माझा!"

तेराव्यानंतर महेशनं दोरी वर बांधली. मागच्या आठवड्यात गेले, तेव्हा अक्काची चादर धुऊन मीच वाळत टाकत होते. चादरीआडून माझे नुसते हात दिसत असतील... आतून घाबरीघुबरी हाक आली, "अगं, हात वर नको!"

"घेतला हो खाली," मी म्हणाले.