आधी लेकराची माय, मग चहा

"चहा ऱ्हाऊ द्या. लेकराची माय कुठाय?"

कपावर उजवा पंजा झाकणासारखा ठेवायचा आणि हे विचारायचं, ही आमच्या शेजारच्या हवालदाराची रीत. कर्नाटकातल्या आमच्या भालकीची पोरं तेव्हा दुबईला जायला लागली होती. आमच्याकडं समुद्रापलीकडचं सगळं दुबईच, मग माणूस मस्कतला असो का कुवेतला. पासपोर्टाच्या चौकशीला ठाण्यातून हाच यायचा. अर्जात लेकराचं नाव असलं की त्या घरी हा चहाला शिवायचा नाही. लेकराची आई स्वतः बाहेर आली, तिचं तोंड दिसलं आणि तिनं "व्हय, मला ठाव हाय" असं म्हटलं की मगच पंजा उचलायचा. तोवर चहावर साय धरलेली असायची.

असा माणूस तुम्हाला तरी आवडला असता का? गल्लीत कुणी म्हणायचं, ह्याला परक्या बायका बघायची हौस. कुणी म्हणायचं, छे हो, चहानं भागत नाही, ह्याला पाकीट पाहिजे. मी मराठी शाळेत शिकवायची, चार बुकं वाचलेली, तरी माझंही मत ह्याहून चांगलं नव्हतं. मुळात पोलीस शेजारी असणं म्हणजे उशाला विंचू असणं. तो जवळच्याच मेहकरचा, बायको वारलेली, एकटा राहायचा. येताना-जाताना प्रत्येकाच्या पिशवीकडं बघायचा आणि विचारायचा, "कुठं जायलाव? कोणासंगं?"

त्यात बाजाराच्या दिवशी त्याच्याकडं एक बाई यायची. पस्तिशीची असेल, मंठाळकडची. ओट्यावर बसायची. हा तांब्याभर पाणी आणून ठेवायचा, दोघं हळू आवाजात बोलायची आणि ती निघून जायची. झालं, गल्लीला दुसरं काय पाहिजे! इथं पाणी मुरतंय, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं. खोटं कशाला बोलू, मीही खिडकीआडून कान लावला. ऐकू आलं ते एवढंच.

"काय आलं का?"

"न्हाई, अक्का."

काय यायचं होतं? सोनं? दुबईचा माल? आम्ही बायकांनी नळावर त्यावर पुष्कळ डोकं चालवलं.

मग माझा धाकटा भाऊ दिलीप मस्कतहून सुट्टीवर आला. तिथं तो क्रेन चालवायचा. आईबाप गेल्यापासून त्याचं घर म्हणजे माझंच घर. त्याची बायको कांता निलंग्याला माहेरी होती आणि त्यांच्या सहा वर्षांच्या बेबीला त्यानं उन्हाळ्याच्या सुट्टीला म्हणून माझ्याकडं आणलेलं. दिलीप म्हणाला, "अक्का, बेबीला संगं नेतो. तिथं चांगली शाळा हाय. कांता मागून येणार." मला वाटलं, चला, पोरीचं नशीब उघडलं. तेव्हा लेकराचं नाव बापाच्याच पासपोर्टात चढायचं; त्यासाठी त्यानं अर्ज केला आणि एका सकाळी हवालदार आमच्या दारात उभा राहिला.

मी वेलची घालून चहा केला. कपावर पंजा पडला.

"लेकराची माय कुठाय?"

"माहेरी हाय. तिला सगळं ठाव हाय," दिलीप म्हणाला.

"मग तिनं सांगू द्या की."

माझं डोकंच फिरलं. "हवालदार, ताकाला जाऊन भांडं कामून लपवायलाव? काय पाहिजे ते सरळ बोला. बाप स्वतःच्या पोरीला न्यायलाय, त्याला तुमची परवानगी लागते का?"

तो रागावला नाही. "बापच नेतोय, अक्का. म्हणून तर विचारायलोय," असं म्हणून त्यानं निलंग्याचा पत्ता मागितला. दिलीपनं तो सांगायला जरा वेळ लावला. ते मला दिसलं, पण आपला तो भाऊ. मी मनात हवालदारालाच शिव्या घातल्या.

त्याच आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी, साध्या कपड्यांत तो एसटीनं निलंग्याला गेला. हद्दीपलीकडचं गाव, दुसरं राज्य, तिथं ह्याच्या टोपीला कोण विचारणार? गेला तो दुपारी कांताला घेऊनच आला. आम्ही जेवायला बसलो होतो. ती उंबऱ्यावरनंच ओरडली, "माझं लेकरू कुठाय?"

दिलीपच्या हातातला घास तसाच राहिला. त्यावरूनच मी सगळं समजले. बेबीला तो आत्याकडं सुट्टीला म्हणून घेऊन आला होता आणि कांताला मस्कतचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. दोघांचं फाटलं होतं. पोरगी आपल्याकडं असली की बायको झक मारत येईल, असा त्याचा हिशेब.

"मी बाप हाय तिचा!" तो म्हणाला.

"कोण न्हाई म्हणतंय?" हवालदार म्हणाला. "मायला इचारलास का, एवढंच इचारायलोय."

मी माझ्या सख्ख्या भावाला त्या दिवशी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. कांताला म्हटलं, "तू इथंच ऱ्हा, माझ्यापाशी. ह्याला काय सांगायचं ते मी सांगते." दिलीप एकटाच परत गेला.

त्या दिवशी घरी जाण्याआधी हवालदारानं कांताच्या हातचा चहा घेतला आणि मग ओट्यावर बसून मला सांगितलं.

"आधी असाच एक बाप होता, अक्का. दोन वर्साचं पोरगं. मी चौकशीला गेलो. बाई चहा घेऊन आली, पदर हनुवटीपत्तुर. परक्या बाईला तोंड दाखव कसं म्हणावं? आपल्यात म्हणत न्हाईत. मी खाली बघितलो, चहा पिलो, माय राजी हाय म्हणून लिहून दिलो. ती माय नव्हतीच. त्याची बहीण होती. माय मंठाळला होती, दुसऱ्या बाळंतपणाला."

मला त्याच्या ओट्यावरची ती बाई आठवली.

"मंठाळहून ती आली, तोवर बाप पोराला घेऊन दुबईला गेलेला," तो म्हणाला. "आमच्या साहेबानं सांगितलं, बाप घेऊन गेला, मग चोरी कशाची? बीदरच्या कोर्टानं हुकूम दिला, पोर मायला द्या. दिल्लीहून उत्तर आलं, तिथल्या सरकारावर आपला हुकूम चालत न्हाई. वकिलातीचा माणूस म्हणं जाऊन बघून आला. पोरगं ठीक हाय, म्हणून कळवलं. ठीक हाय! मायला ठीक हाय घेऊन काय करायचं? ती इचारायला येते. मी न्हाई म्हणतो. दुसरं कोण हाय तिला न्हाई म्हणायला तरी?"

तो उठला आणि आपल्या दाराकडं चालू लागला.

त्यानंतर गल्लीत त्या बाईबद्दल कुणी वाकडं बोललं की मी त्याच्यावर तुटून पडायची. तरी हवालदाराचा संशयी स्वभाव काही गेला नाही. माझ्या शाळेच्या सहलीच्या बसमध्येसुद्धा चढून त्यानं एकेका पोराला विचारलं, "मायला सांगून आलास का?" पोरं हसायची. पुढं तो रिटायर झाला, मेहकरला गेला, तरी बाजाराच्या दिवशी तिच्यासाठी ओट्यावर येऊन बसायचा; वर्षाच्या आत तिकडंच वारला. ज्याच्या चुकीनं पोरगं गेलं, त्याच्याच दारात ती इतकी वर्षं कशी येत राहिली, हे त्याला विचारायचं माझ्या मनात राहूनच गेलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती आली. त्याच्या दाराला कुलूप. तिचे केस पांढरे झाले होते. मी तिला आमच्या ओट्यावर बसवलं आणि हवालदार गेल्याचं सांगितलं. ती नुसती त्या कुलपाकडं बघत राहिली. मग सवयीनंच असेल, मला म्हणाली, "काय आलं का?"

"न्हाई, अक्का," मी म्हणाले.

बेबीनं आतून पाण्याचा तांब्या आणला. बेबी आता माझ्या खांद्याला लागली होती. बाईनं तांब्या घेतला, तोंडाला लावला नाही. त्यावर पंजा ठेवला आणि पोरीकडं बघितलं.

"तुझी माय कुठाय गं?"

"आत हाय की. भाकरी करायलीय."

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. बाई तो ऐकत जरा थांबली. मग तिनं पाणी पिलं.