आत्मा आली

माझ्या हातातला माईक हिसकावला गेला, तेव्हा मी प्रार्थनेच्या मधोमध होते. डोळे मिटलेले. पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाचा रविवार. आमचं सोलापुरातलं चर्च दारापर्यंत भरलेलं. बायकांपैकी कुणीतरी प्रार्थना करावी म्हणून पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं होतं. मी म्हणत होते, "हे पवित्र आत्मा, तू आलीस, आमच्यात राहिलीस."

पुरुषांच्या बाजूला खुसखुस झाली. मग एक वडील उठून आले. आमच्यात चर्चचा कारभार बघणाऱ्यांना वडील म्हणतात. ते पद बाईला मिळत नाही. त्यांनी माईक स्वतःच्या तोंडाशी धरला.

"आत्मा आली न्हाय, आला. देवाला लुगडं नेसवतीस का, बाय?"

सगळं चर्च हसलं. बायकासुद्धा हसल्या. माझा रिकामा हात अजून तोंडासमोर तसाच होता. तो खाली घ्यायचं मला सुचेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चूक कुठून आली ते सांगते. आमचं घर हातमागावरचं, तेलुगू. आजोबांच्या वेळेस आम्ही ख्रिस्ती झालो, पण चुलीपाशी भाषा तीच राहिली. तेलुगूत पुरुष आला की वच्चाडु. आई आली की वच्चिंदी. आणि आत्मा आली तरी वच्चिंदीच. लहानपणी आई मला मांडीवर घेऊन प्रार्थना करायची, "आत्म वच्चिंदी." बाबा कामावरून आले की वेगळं क्रियापद, आई आणि आत्मा यांना मात्र एकच. मी मराठी शाळेत शिकले. एरवी मराठीत लिंग चुकत नाही माझं. पण प्रार्थना मी आईकडून शिकले होते. डोळे मिटले की तीच येते.

आई त्या दिवशी मागच्या बाकावर होती. तीस वर्षं तिने ते चर्च झाडलंय. माझ्या तोंडची भाषा कुणाची, हे सगळ्यांना माहीत होतं. हसू सुरू झालं तशी तिने मान खाली घातली. त्या रात्री जेवणाआधी ती प्रार्थना करेना. मी विचारलं तर म्हणाली, "तू कर. माझं चुकतंय." त्याचा मला जास्त राग आला. माझा अपमान मी गिळला असता. आईची प्रार्थना त्यांनी बंद पाडली होती.

बुधवारी कमिटीने बोलावलं. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवते. सुट्टी झाल्यावर तशीच गेले, अंगावर सुताची कुसळं घेऊन. पाच जण खुर्चीत, मी उभी. येत्या रविवारी सगळ्यांसमोर माफी वाचायची, नाहीतर रविवार शाळेचा वर्ग सोडायचा, असं ठरलं होतं. त्या वर्गात माझी बावीस लेकरं होती. आठवडाभर मशीनवर मान मोडायची ती त्या एका तासासाठी.

माईक हिसकावणाऱ्या वडिलांनी समजावून सांगितलं. "वर पिता. त्याच्या आज्ञेत पुत्र. मग आत्मा. तशीच पुरुषाच्या आज्ञेत बाई. ही देवाचीच उतरंड हाय."

मी म्हटलं, पोरांना मी शिकवते की तिघं एकच आहेत. कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही. हे तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतलंत. मग देवात उतरंड आली कुठून? आणि देवात ती नसेल, तर माझ्यासाठी कुठून काढली?

पाळकसाहेब माणूस वाईट नाही, भित्रा आहे. ते हळूच म्हणाले, "ताई, देवाला लिंग नसतं, हे खरं आहे. पण लोकांना सवय असते."

देवाला लिंग नाही. मग पिता म्हटलं तर चालतं, पुत्र म्हटलं तर चालतं, आला म्हटलं तर चालतं. आली म्हटलं की लगेच लुगडं दिसतं. त्या खोलीत मला स्वच्छ कळलं. त्यांना व्याकरणाची काळजी नव्हती. बाईचं क्रियापद देवाला लागलं तर बाईला उभं ठेवून आपल्याला बसता येणार नाही, ही भीती होती. आणि तीस वर्षं जमीन झाडणारी माझी आईही त्यांना त्या जमिनीसारखीच पायाखालची वाटत होती.

माफीचा कागद त्यांनीच लिहून दिला. "माझ्या अज्ञानामुळे" अशी सुरुवात होती.

रविवारी मी पुढे गेले. माईक दिला गेला. मागच्या बाकावर आई होती, मान खालीच. मी कागदाची घडी केली आणि कमरेला खोचली. म्हटलं, "हे अज्ञान न्हाय. ही माझ्या आईची भाषा हाय." मग डोळे उघडे ठेवून, त्या वडिलांकडे बघत, तीच प्रार्थना केली. तू आलीस. आमच्यात राहिलीस. आम्हाला वाढवलंस.

माईक बंद केला गेला. मी आमेनपर्यंत बिनमाईकची बोलले. या वेळी कुणी हसलं नाही.

वर्ग गेला. आता तिथे त्याच वडिलांची सून शिकवते. माझी लेकरं रस्त्यात भेटली की बघतात, पण बोलत नाहीत, त्यांना घरून ताकीद आहे. आई अजूनही मोठ्याने प्रार्थना करत नाही.

मी चर्च सोडलेलं नाही. ते माझ्या आईने झाडलंय, मी का सोडू? दर रविवारी तिच्या शेजारी, मागच्या बाकावर बसते. प्रार्थनेत सगळे म्हणतात, पवित्र आत्मा आला. ते म्हणून झाले की मी थांबते, आणि एकटी, पुढच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणते, आली. आई तोंड उघडेपर्यंत म्हणणार. तिने नाहीच उघडलं, तर तिच्या वाटचंही मीच म्हणणार.