रेणूचा टॅप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ऑफिसातल्या मैत्रिणींना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल — ओळखीच्या माणसांसमोर मी फार शहाणी असते.

दर रविवारी सकाळी मोहालीतल्या एका लहानशा जिममध्ये मी मुलींना स्वसंरक्षण शिकवते. पोटापाण्याचं काम आयटीतलं, हे हौसेचं. कॉलेजच्या, शेजारच्या खरड गावात पीजीत राहणाऱ्या मुली येतात, आणि प्रत्येक बॅचमध्ये एकजण हमखास विचारते, "मॅम, ये गर्दन वाला असल में काम करता है, या सिर्फ क्लास में?" प्रश्न चांगला आहे. मी सांगते, समोरून दोन हातांनी गळा आवळणं सिनेमात शोभतं; दांडगा माणूस एका हिसड्यात मोकळा होतो. पण मागून हात नीट बसला — श्वासनळीवर नाही, मानेच्या दोन्ही बाजूंना — तर काही सेकंदांत माणूस गळून पडतो. म्हणून तो शेवटचा उपाय. आधी ओरडा, आधी पळा. हे मी इतक्या ठामपणे सांगते की पुढे कुणी काही विचारत नाही. इतकी खात्री कुठून आली, हे तर नाहीच.

हा क्लास माझा नव्हता. रेणूचा होता.

रेणू अमरावतीची, मी सांगलीची. खरडला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही चार वर्षं एकत्र काढली. सुट्टीहून येताना ती बॅगभर ज्वारीचं पीठ आणायची आणि माझ्या भाकरीला नावं ठेवत स्वतःच थापायची. धुक्याच्या दिवसांत भांडी घासून झाली की बर्फासारखे हात मागून माझ्या मानेवर ठेवायची आणि मी किंचाळले की पोट धरून हसायची. जिममधल्या ज्युडोच्या सरावाला मला तीच घेऊन गेली. तिथल्या कोचना सगळे पाजी म्हणतात, पंजाबीत थोरला भाऊ. मराठीत त्याचा अर्थ काय होतो हे आम्ही त्यांना कधी कळू दिलं नाही. रेणू माझ्याहून चपळ होती, आणि शिकवायची तर फारच सुरेख. मी तिची शेपूट. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं — खरंच नव्हतं.

आता टॅपचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सरावात कुणी मान पकडली आणि सहन होईना, की त्याच्या अंगावर किंवा मॅटवर हाताने दोनदा मारायचं. मारलं की सोडायचं. लगेच. तिथे वाद नाही, विचार नाही. सगळा खेळ त्या एका भरवशावर उभा आहे. तो आहे म्हणून तर माणूस आपली मान दुसऱ्याच्या हातात देतो.

एका शनिवारी सकाळी ऑटोतून जिमला जाताना रेणू म्हणाली की पुण्याची नोकरी झाली, महिनाअखेरीला जाते. ती इतकी खूश होती! मी अभिनंदन केलं. पार्टी मागितली. चार वर्षांत ही अर्ज करतेय हेसुद्धा मला कळू नये? आणि मी? — पण असं एकेक कारण सांगत गेले की त्याची सबब होते. राहू दे.

त्या दिवशी सरावात तिची पाठ माझ्याकडे आली. तसं क्वचितच व्हायचं. माझा हात तिच्या हनुवटीखाली बरोबर बसला. तिने माझ्या हातावर दोनदा मारलं.

मी सोडलं नाही.

तिने मॅटवर मारलं. जोरात. मी — सोडलं नाही. मग तिचा हात थांबला आणि तिचं सगळं वजन माझ्या छातीवर आलं, एखादं मूल झोपल्यावर येतं तसं. तेव्हा सोडलं.

पाजी धावत आले, तिचे पाय वर धरले. काही सेकंदांत तिने डोळे उघडले आणि विचारलं, "ऑटो आली का?" पाजींनी माझ्याकडे पाहिलं. "टॅप नहीं किया इसने?" मी म्हणाले, "पता नहीं चला, पाजी."

ते मला रागावले असते तर कदाचित मी बोलले असते. पण रेणूच उठून बसली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, "अवं, तुले कसं समजन? मीच धड टॅप केलं नसन." माझी समजूत घालत होती ती. माझी! आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून मान हलवली.

त्यानंतर ती दोनदा आली. दोन्ही वेळा हात मानेपर्यंत पोचायच्या आधीच टॅप करत होती. मग यायची बंद झाली. गळ्याशी घट्ट ओढणी घेईनाशी झाली. रविवारचा क्लास मला देताना म्हणाली, जिच्या टॅपचा भरवसा नाही तिने पोरींना काय शिकवायचं? आणि पुण्याला गेली. स्टेशनवर मी खूप रडले. सगळ्यांना वाटलं, मैत्रीण चालली म्हणून. तेही खरंच होतं.

याला पाच वर्षं झाली. आजही रविवारी क्लास सुटला की हे कुणाला सांगू, ते कुणाला सांगू असं होतं, आणि आठवते ती रेणूच. मला ती हवी आहे. हे म्हणायचा हक्क उरलाय का, माहीत नाही. पण हवी आहे.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. तिच्या दहा वर्षांच्या भाचीला ज्युडो शिकायचंय, मागेच लागलीय. रेणूने घरी ‘नको’ म्हणून सांगून टाकलं. हसत म्हणाली, "माह्यासारखंच झालं तं? तिचाही टॅप कोणाले समजला नाही तं?"

एका वाक्याचं काम होतं. फोन कानाशी होता, घरात मी एकटी होते, वेळही होता. मी म्हणाले, "हो गं, लहान आहे अजून." मग तिने भाकऱ्या जमायला लागल्या का विचारलं, मी हो म्हणाले, आणि फोन ठेवला.

तिने टॅप नीट केला होता. एकदा माझ्या हातावर, एकदा मॅटवर. दोन्ही मला समजले होते.