सत्ताविसावा राजीनामा

नालवाडीचे बंडोपंत दरवर्षी राजीनामा द्यायचे. रक्तदाता मंडळाची वार्षिक सभा, मग पोहे, मग चहा, आणि चहानंतर बंडोपंतांचा राजीनामा, असा क्रमच ठरलेला. "आता नव्या माणसाला सचिव करा, मला मोकळं करा," म्हणत ते खुर्चीवरून अर्धे उठत. पूर्ण उठलेले कोणी पाहिले नाहीत. तेवढ्यात हार्डवेअरवाले बबनराव ओरडत, "बसा ना जी बंडोपंत! तुमच्याबिगर हाये कोण?" बंडोपंत आणखी दोनदा नको म्हणत आणि मग बसत. असे सव्वीस राजीनामे झाले.

माणूस मात्र कामाचा, त्यात वाद नाही. कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून पस्तीस वर्षं काढलेली, त्याच शिस्तीने रक्तदात्यांचं रजिस्टर. कोणाचा गट कोणता, शेवटचं रक्त कधी दिलं, त्याला तीन महिने झाले की नाही, फोन नंबर काय, सगळं त्यांच्या अक्षरात. दवाखान्यातून फोन आला की हातातला घास ताटात ठेवून उठायचे. "जेवण तरी करून घ्या," असं इंदिराबाई म्हणायच्या, पण ते ऐकायचे थोडेच!

यंदा त्यांच्या मुलीने, ऋचाने, सगळं बदलून टाकलं. ती पुण्याला वेबसाइटी बनवते. तिने रजिस्टर नेलं, बाराशे नावं टाइप करून मंडळाची साइट उभी केली आणि फोनवर समजावलं, "बाबा, तुम्ही सुपरयूझर. तुम्हाला सगळं दिसेल, सगळं बदलता येईल. कार्यकारिणीतल्या बाकी चौघांची अकाउंट तुम्हीच तयार करा. पण त्यांच्या नावापुढे फक्त स्टाफवर टिक करा, सुपरयूझरवर नको. त्यांना काय काय दिसू द्यायचं, ते मी नंतर ठरवते."

इथेच बंडोपंत चक्रावले. बबनरावांना स्टाफ म्हणायचं? ज्यांच्या दुकानात सात माणसं पगारावर आहेत, त्यांना? पवनारचे नानाजी तर मंडळाचे संस्थापक, वय एक्क्याऐंशी. ज्योत्स्नाताई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. आणि गजेंद्र! तो पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून लग्नाला न जाणारा माणूस. शेवटी कोणाचाच मान कमी व्हायला नको म्हणून त्यांनी चौघांनाही सुपरयूझर करून टाकलं. पासवर्ड चिठ्ठ्यांवर लिहिले, पाकिटं चिकटवली आणि स्कूटरवरून घरोघर नेऊन दिली. नक्कल ठेवली नाही. दुसऱ्याचं गुपित जवळ बाळगायचं नाही, ही ऑफिसातली सवय.

घरी येऊन पुन्हा यादी उघडली, तर त्यांच्या स्वतःच्या नावापुढेही ती टिक होतीच. त्यांना कसंतरीच झालं. आपल्याच हातात असताना आपणच मोठं म्हणून बसायचं? यंदा सभाही झाली नव्हती, सगळं व्हॉट्सॲपवर उरकलेलं, त्यामुळे राजीनामा राहूनच गेला होता. हात आपोआप गेला. त्यांनी स्वतःची सुपरयूझरची टिक काढली, सेव्ह दाबलं आणि सवयीने जरा थांबले.

कोणी "बसा ना जी" म्हणालं नाही. वर हिरवी पट्टी आली, बदल झाला म्हणून. खाली इंग्रजीत एक ओळ होती. तुम्हाला काहीही पाहण्याची किंवा बदलण्याची परवानगी नाही, असा तिचा अर्थ.

"हे काय आता?" त्यांनी चष्मा पुसला. बाहेर पडले, पुन्हा आत गेले. नाव ओळखलं, पासवर्ड चालला, आणि आत काहीच नाही. "अगं इंदिरा, बाराशे माणसं गेली कुठं?"

"कुठली माणसं?" इंदिराबाई कणीक मळता मळता म्हणाल्या. "तुम्हीच काहीतरी दाबलं असेल."

तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातून होता. बाळंतीण आहे, बी निगेटिव्ह हवं, दोन तासांच्या आत. रजिस्टर पुण्याला, नंबर साइटवर, आणि साइट त्यांना ओळखूनही आत काही दाखवेना. "थोडं थांबा," असं ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यांनी ऋचाला फोन लावून झालेलं सगळं सांगितलं. "बाबा, स्वतःची टिक का काढली तुम्ही?"

"मला वाटलं, ते मशीन एकदा तरी विचारेल."

"ते कशाला विचारेल? तुम्ही नको म्हणालात, त्याने ऐकलं. मी बाहेरगावी आहे, लॅपटॉप आणि रजिस्टर दोन्ही घरी, पोचायला तीन तास लागतील. चार सुपरयूझर केलेत ना? कोणाकडूनही परत टिक मागून घ्या."

मागून घ्या! सव्वीस वर्षांत त्यांनी कधी मागितलं नव्हतं. मिळायचं आपोआप, तेही नको नको म्हणताना. पण बाळंतीण तिकडे वाट पाहत होती. त्यांनी स्कूटर काढली आणि बबनरावांचं दुकान गाठलं.

"बबनराव, ते पाकीट कुठं आहे?" ते दारातूनच म्हणाले.

"ते? मले वाटलं लग्नाची पत्रिका हाये." बबनरावांनी पत्रिकांच्या गठ्ठ्यातून पाकीट ओढलं. बिलाच्या कॉम्प्युटरवर, बंडोपंत उभ्याउभ्या सांगत गेले तसं, एका बोटाने पासवर्ड मारला. यादी उघडली. "तुमच्या नावापुढची खूण काऊन निघाली जी?"

"मीच काढली."

"काऊन?"

"दरवर्षी देतो ना राजीनामा. तसाच."

"अन् यानं घेतला?"

"पहिल्याच झटक्यात."

बबनराव खो खो हसले. पोट धरून हसले. मग बंडोपंतांच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. "आमी नव्हतो ना तिथं," ते हळूच म्हणाले. "करू का मंग परत?"

बंडोपंतांच्या ओठांवर आलंच होतं, नको, दुसऱ्या कोणाला तरी करा. त्यांनी जीभ चावली. कान लाल झाले.

"करा. मला पाहिजे ते काम. लवकर करा."

बबनरावांनी टिक केली. बंडोपंतांनी मोबाइलवर साइट उघडली, बी निगेटिव्हची चार नावं पाहिली, तीन महिने उलटलेलं एक निवडलं. मग कोणी बसा म्हणायची वाट न पाहता ते स्टुलावर बसले आणि नंबर फिरवू लागले.