पाडव्याचे पन्नास चिंचोके

आमच्या कल्याणच्या घरात भाऊबीजेला माहेरी कोण जाणार, हे पत्त्यांवर ठरायचं. ऐकून कुणी नाक मुरडेल, पण होतं ते असं. त्या दिवशी दोन्ही नणंदा जेवायला यायच्या, म्हणून आम्हा दोघी जावांपैकी एकीलाच सुट्टी. सासूबाई नव्हत्या, घर यजमानांच्या आत्याबाई चालवायच्या. पाडव्याच्या दुपारी त्या डाव मांडायच्या. तिघींनी साठ-साठ चिंचोके घ्यायचे आणि तुळशीवरचं ऊन उतरलं की जिच्यापुढे जास्त, ती जिंकली. आत्याबाईच जिंकल्या तर दोघीही घरात!

माझा भाऊ ठाण्याला, कोपरीत. पायाने अधू, त्याला येणं जमायचं नाही. सलग दोन वर्षं मी हरले आणि दोन्ही वर्षं मागच्या दारी चंद्राला ओवाळलं. भाऊ धडधडीत जिवंत असताना चंद्राला ओवाळायचं! मला रडू यायचं, आणि त्याहून जास्त राग यायचा.

खेळ तीन पानांचा. आपली पानं पाहून चिंचोके लावायचे. पुढचीने तेवढेच लावायचे, नाहीतर पानं पालथी टाकून बाजूला व्हायचं. मी स्वतःला फार हुशार समजत असे. हातात काही नसताना वीस चिंचोके सरकवायचे आणि ऐटीत बसायचं. जाऊबाई घाबरायच्या. आत्याबाई? "दाखव तर खरं!" म्हणून दुर्रीच्या जोडीवरही तेवढेच लावायच्या आणि मला धुऊन काढायच्या. समोरचीची पानं पाहिल्याशिवाय सोडणं त्यांच्या जिवाला मानवतच नसे.

माझे डोळे उघडले ते भाजीवालीने. मानपाड्याकडची ती आगरीण आत्याबाईंना वांग्यांचा भाव नेहमी चढा सांगे. एकदा मी तिला हटकलं, तर हसून म्हणाली, "तुमची आत्याबाय जिनसेला हात लावल्यावर सोरत नाय. मंग मी कमी कनाला सांगू?"

त्यावर मी जात्यापाशी कितीतरी दिवस विचार केला. ज्या सोडतच नाहीत त्यांना भिववण्यात काय हशील? आणि चांगली पानं आली की मी चारच चिंचोके लावायची, आत्याबाई पळून जातील म्हणून! चार मागितले काय नि चाळीस मागितले काय, त्या देणारच होत्या. दोन वर्षं मी सगळं उलटं करत आले होते.

तिसऱ्या पाडव्याला मी गप्प बसले. वाईट पानं आली की पालथी टाकायची. "आज मांजर झालीस की गं," जाऊबाई म्हणाल्या. मी हसले. ऊन तुळशीच्या शेंड्यावर आलं तेव्हा माझ्यापुढे पन्नास उरले होते, आत्याबाईंपुढे थोडे जास्त, जाऊबाईंपुढे सगळ्यांत जास्त. शेवटचा डाव वाटला. मी पानं उचलली. तीन सत्त्या.

मी पन्नासच्या पन्नास पुढे सरकवले.

जाऊबाईंनी लगेच पानं टाकली. आत्याबाई ढिगाकडे पाहत राहिल्या.

"एवढे कशावर गं?"

"पाहायचं असेल तर लावा, आत्याबाई."

सुनेच्या तोंडी असलं उत्तर! पण त्यांनी लावले, पन्नासच्या पन्नास, आणि दोन राण्या खाली ठेवल्या. मी एकेक करून सत्त्या मांडल्या. तिसरी पडली तशा जाऊबाई ओरडल्याच. आत्याबाईंपुढे चारपाच चिंचोके उरले होते, तरी त्या समाधानाने म्हणाल्या, "पाहिलं बाई एकदाचं!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी ठाण्याला उतरले. भाऊ काठी टेकत दारात उभा. "यंदा सोडलं वाटतं तुला?"

"सोडलं नाही रे. जिंकून आले."

संध्याकाळी अंगणात पाट मांडून त्याला ओवाळलं. समोर मावळतीला बीजेची कोर आली होती. मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.