सफरजलाचं राहिलेलं पान

पाला जळल्याचा वास आला की मला आखातातल्या रुस्ताकचं, आमच्या भाड्याच्या घराचं अंगण आठवतं. घरमालकीणबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, तेव्हा त्यांच्या वारलेल्या नवऱ्याने लावलेलं सफरजलाचं झाड माझ्यावर सोपवून गेल्या. पिवळ्या पेरूसारखं फळ असतं हो ते. त्या गेल्यावर पानांवर तांबडे ठिपके पडले. रोग पसरू नये म्हणून मी आपली ठिपक्याचं एकेक पान खुडून जाळत गेले, आणि झाड पार उघडं पडलं. बाई परतल्या, झाडाभोवती फिरल्या. मग मला न दिसलेलं एक पान खुडून त्यांनी माझ्या हातात ठेवलं, "ये किसके लिए रखा? यल्ला, चलो, जलाओ." आता आमचे हेही नाहीत. त्यांनी लावलेल्या कढीपत्त्याची पानं मी रोज उलटून बघते, कुठे ठिपका तर नाही ना.